विमलआत्या, बेअरिंग की क्राऊन?

माणूस गेला की त्याच्याबद्दल खोटं बोलायची मुभा तुम्हाला कोण देतं?

हा प्रश्न मी परवा पालमच्या विहारात विचारणार होते. माझ्या आत्याच्या, विमलआत्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. पण माईक माझ्यापर्यंत आलाच नाही, आधीच्या वक्त्यांनी तो सोडलाच नाही. एकाने तिला त्यागमूर्ती म्हटलं. दुसऱ्याने मायेचा सागर म्हटलं. तिसरा तिच्याच वर्गात शिकलेला, सध्या निवडणुकीला उभं राहायच्या तयारीत असलेला. तो म्हणाला, बाई हयातीत कुणाला उलट शब्द बोलल्या नाहीत. तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्या बायकांचे मी आभार मानते. त्या कार्यक्रमात खरं असं तेवढंच घडलं.

आत्या, आता तुझ्याशीच बोलते. त्यांचं झालं.

तू त्यागमूर्ती नव्हतीस. ताटातलं शेवटचं भजं तू कधी कुणाला दिलं नाहीस. खिडकीजवळची जागा दिली नाहीस, आणि बोलण्यातला शेवटचा शब्द तर नाहीच नाही. आणि उलट शब्द? माझं एकही पत्रक तुझ्या उलट शब्दांवाचून छापखान्यात गेलं नाही. "प्रज्ञे, ही उद्गारचिन्हं कमी कर. वाचणाऱ्याच्या डोळ्यात टोचायलेत." मी म्हणायची, टोचायलाच पाहिजेत. तू म्हणायचीस, "डोळेच मिटून घेतले त्यानं, मग काय करशील?"

मी पत्रकांवर वाढलेली पोरगी. आमच्या घरात पोळ्यांच्या डब्याला उरलेल्या पत्रकांची घडी असायची. बाराखडी नीट यायच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. बाबांनी मला लिहायला शिकवलं, पण लिहिलेलं घेऊन गावोगाव जायला तू शिकवलंस. पालमच्या शाळेतून निवृत्त झालीस तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई आता वाती नाही वळल्या तरी पापड तरी लाटतील. तू एका शाळेने काढून टाकलेली पिवळी व्हॅन घेऊन आलीस. आत गोष्टींच्या पुस्तकांच्या पत्र्याच्या पेट्या. पेट्यांच्या कडेला माझी पत्रकं. टपावर भोंगा. ही आपली फिरती लायब्ररी.

भोंगा जळाला तो दिवस आठवतो?

राणीसावरगावहून परतत होतो. मी चालवत होते, तू खिडकीशी. आपला रिवाजच होता की गाडी निघाली की भोंगा सुरू आणि घरी पोचली की बंद. जाताना माझ्या घोषणा, येताना तुझी गाणी. त्या दिवशी गाण्याच्या मध्येच मशीनमधून जळका वास आला आणि सगळं गप्प झालं. मग ते ऐकू आलं. मागून, पत्र्याखालून, एखाद्याने ओठ मिटून एकच सूर लावून धरावा तसं.

"हे काय व्हायलंय?" तू विचारलंस.

"काही नाही, रस्ता खराब आहे."

"रस्ता असा गात न्हाई, प्रज्ञे."

मी वेग कमी केला तसा तो सूर खाली उतरला. वाढवला तसा चढला. घर येईपर्यंत आपण दोघी एक शब्द बोललो नाही. तुझ्या-माझ्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडत होतं.

पुढच्या खेपेला आपण भोंग्यावाचून राणीसावरगावला गेलो. मला वाटत होतं, आज कुणी फिरकणार नाही. ओरडल्याशिवाय माणसं येत नाहीत, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. आणि गाडी थांबायच्या आत पोरं पळत आली. नेहमीइतकीच. गयाबाई शेळ्या घेऊन कडेला उभी होती, तिला मी विचारलं, मावशी, आम्ही आलो हे कळलं कसं?

"कसं म्हंजी? तुमची गाडी घुमत येती की. पोरं त्येच ऐकून पळतेत."

"आणि भोंगा?"

"त्येच्यात काय बोलतेव ते कुनाला कळतंय बाई. समदं चिरकतंय. माझ्या शेळ्या बुजायच्या. बरं झालं जळालं."

तू दाराला धरून हसलीस. हसता हसता खाली बसलीस. मी मात्र रुसून पेटीवर जाऊन बसले. आपल्याच गाडीचा आवाज. वाटेवरच्या प्रत्येक गावाला कधीपासून ठाऊक, पोरांना ठाऊक, शेळ्यांना ठाऊक. ठाऊक नव्हता तो फक्त आत बसलेल्या आपल्या दोघींना, कारण आपण निघाल्यापासून पोचेपर्यंत डोक्यावर भोंगा वाजवत होतो.

त्यानंतर भोंगा दुरुस्त करायचा की नाही, यावर आपण भांडलो. तू म्हणालीस, राहू दे तसाच. मी म्हणाले, हा माघार घेण्याचा प्रकार आहे. "कुणापासून माघार? शेळ्यांपासून?" तू विचारलंस. उत्तर मी नंतर देणार होते. तयार केलं होतं, चांगलं होतं.

मग तो सूर नेमका कुठून येतो, याच्या तपासाला आपण लागलो. मला ते आवडायला लागलं, कारण त्यात आरोपी होते. गंगाखेडकडे जाणारा रस्ता सरळ लागला की तू म्हणायचीस, "आता काढ गिअर." मी गाडी न्यूट्रल करायची. इंजिनाचा आवाज खाली बसायचा, मागचा सूर चालूच राहायचा. इंजिन निर्दोष, गिअरबॉक्स निर्दोष. मग डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला घेतली, नव्या सिमेंटच्या रस्त्यावरून नेली. टायरचा आवाज असता तर रस्त्यागणिक बदलला असता. बदलला नाही. टायरही सुटले. इंजिनाकडून मागे जाणाऱ्या शाफ्टचा जोड, त्याला क्रॉस म्हणतात, तो आधीच एका गॅरेजवाल्याने न विचारता बदलून टाकला होता, त्याने काही फरक पडला नव्हता. म्हणजे तोही बिचारा विनाकारण शिक्षा भोगून गेला.

पिंगळीच्या फाट्यावर चहाला थांबलो की सल्लागार मंडळ गोळा व्हायचं. दोन बायका गाडीखाली वाकून बघायलेत म्हटल्यावर कोण घरी जाईल?

"हवा कमी हाय, बाई."

"ग्रीस मारा, ग्रीस."

"बाईमाणसानं चालवली की गाडी आवाज करतीच." हा एक पान खाऊन लाल झालेला.

तू त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलंस. "तुझी बायको चालवती का रे गाडी?"

"न्हाई."

"मग तुझ्या घरातला आवाज कशाचा येतो?"

फाटा हसला. तो पान खाणाराही हसला, आणि आपल्या चहाचे पैसे देऊ लागला. मी तिथे उभी राहून बायकांच्या श्रमावर दहा मिनिटं बोलले असते. तुझं एका वाक्यात झालं होतं. त्याचाही मला राग आला, आत्या. तुला तो दिसला, आणि तू पुढच्या गावापर्यंत खिडकीबाहेर पाहत गुणगुणत राहिलीस.

परभणीचा मेकॅनिक वेगळा. तू त्याला प्रश्न विचारायचीस आणि तो उत्तर द्यायचा ते शेजारी एस.टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाला. तो भला माणूस प्रत्येक उत्तराला मान डोलवत होता, जणू गाडी त्याचीच. मी उसळले. म्हणाले, गाडी यांची आहे, लायसन्स यांचं आहे, प्रश्न यांनी विचारलाय, तोंड इकडे करून बोला. गॅरेजातलं काम थांबलं. आणि तू मला म्हणालीस, "प्रज्ञे, भाषण नंतर. आधी ह्याला विचार जॅक कुठं लावायचा."

नंतर घरी मी तुला म्हणाले, तू माझा अपमान केलास. तू म्हणालीस, "मला गाडीचं कळून घ्यायचं होतं. तुला त्याला हरवायचं होतं. दोन्ही एका वेळेस कसं होईल?" मला अजूनही वाटतं की दोन्ही एका वेळेस व्हायला पाहिजे. ज्याच्याकडे पाना आहे त्याने आपल्याशी नीट बोलावं, एवढं मागणं म्हणजे त्याला हरवणं नव्हे. हे मला तुझ्या तोंडावर सांगायचं होतं. आता कागदावर सांगते, आणि कागद काही "हं, पुढं?" म्हणत नाही.

जॅकवर चढवून त्याने मागचं चाक हाताने फिरवलं, आपल्याला स्प्रिंगच्या पाट्यांवर हात ठेवायला लावला. पाट्यांतून काहीतरी खरखरत होतं. पण चाक फिरलं की दोन चाकांच्या मधला तो लोखंडी गोळाही आत फिरतो, त्यामुळे खरखर नेमकी कुणाची, हे हाताला कळेना. मेकॅनिकलाही कळेना. पण तो सरळ बोलला, या वेळी तुझ्याकडे पाहून.

"वजन पडल्याबगर आन् वेग घेतल्याबगर हे नीट बोलत न्हाई, बाई. चाकातलं बेअरिंग असल तर दुपारपर्यंत मोकळं करतो. पण मधल्या गोळ्यातला क्राऊन घासला असल तर ती दातेरी चाकांची जोडी बदलावी लागती. एवढ्या जुन्या गाडीची जोडी आता मिळंना. खोलून ठेवली तर हितंच सडल. तवा अंदाजानं खोलणार न्हाई मी. एकानं चालवा, एकानं मागं बसून ऐका. कुठलं ते नक्की करून आणा."

मग तू मागे बसायला लागलीस. पेट्या कडेला सारून, पत्र्यावर पोतं अंथरून, त्यावर आडवी होऊन कान टेकवायचीस. मी आरशात पाहायची तर तुझं पांढरं डोकं आणि चष्मा धरलेला हात एवढंच दिसायचं. खड्डा आला की मी हळू करायची आणि मागून तुझा ओरडा, "हळू कशाला घेतलीस? पळव! मी काय अंड्याची टोपली हाय का?"

मी गाडी डावीकडे घ्यायची, मग उजवीकडे. तू उठून बसलीस आणि निकाल दिलास.

"उजवं चाक. बेअरिंग. डावीकडं वळवलीस की भार उजवीकडं येतो, तवा ते ओरडायलंय. उजवीकडं घेतलीस की गप."

"पण ॲक्सिलेटर दाबला की आवाज चढतो आणि पाय काढला की पडतो. हे दातांचं लक्षण आहे. क्राऊनच."

"पाय काढलास की इंजन गप बसतंय, म्हणून तुला समदंच कमी झाल्यासारखं वाटायलंय."

"आणि तुला उजवीकडे ऐकू येतंय कारण पेट्या उजवीकडे आहेत. त्या सरकतात."

"पेट्यांचा आवाज मला कळत न्हाई व्हय? अगं, फळ्याकडं तोंड करून लिहिता लिहिता मागं कोण खुसपुसायलंय ते नावानिशी सांगायची मी."

"तेव्हाही चुकीच्या पोरांना मार बसला असेल."

"बसला असंल," तू म्हणालीस. "पण क्राऊन न्हाई."

महिनाभर हेच चाललं. भाजी निवडताना, पुस्तकांना कव्हरं घालताना. एकदा तर तू विहाराच्या दारात, चपला घालता घालता माझ्या कानात म्हणालीस, "बेअरिंग." आणि मग वाद चाकाचा राहिलाच नाही. तू म्हणालीस, "तुला नेहमी मोठ्ठाच दोष लागतो. मधोमध, मुळातला, समदं खोलल्याशिवाय न निघणारा. एक बारकं बेअरिंग बिघडलंय, तेवढं बदललं की गाडी चालती, हे तुझ्या पत्रकात बसत न्हाई." मी म्हणाले, "आणि तुला सगळं एका चाकावर ढकलून मोकळं व्हायचंय. मुळात हात घालायची हिंमत नाही तुमच्या पिढीत." तू कव्हराची कड दुमडलीस. मग म्हणालीस, "आमच्या पिढीनं काय मुळापासून बदललं आन् काय न्हाई, ते एक दिवस बसून सांगते तुला." आत्या, तो एक दिवस मला हवा होता. मी तेव्हा विचारलं असतं तर तू तेव्हाच बसून सांगितलं असतंस.

शेवटी तोडगा तूच काढलास. मी कायम पुढे होते आणि तू कायम मागे. जो जिथे बसलाय त्याला तिथलंच ऐकू येतं. तेव्हा जागा बदलायची. "मंगळवारी मी चालवते, तू पोत्यावर झोप. मग बोल." मी कबूल झाले. मंगळवारी सकाळी तू चहा गाळताना ओट्याला धरून खाली बसलीस. ती उठली नाहीस.

मी तुझ्याकडे यायला निघालेच होते. पोत्यावर आडवं व्हायचं म्हणून जुना पंजाबी ड्रेस घातला होता. तोच घालून मी दिवसभर तुझ्याजवळ बसले.

दीपकदादा पुण्याहून आला, सगळं झाल्यावर परत गेला. त्याच्यावर मला पत्रक काढता येत नाही. मी प्रयत्न केला. तुझा मुलगा वाईट नाही, तो घाबरलेला आहे. जाताना गाडीभोवती फिरला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, म्हणाला, "आईनंतर तुझ्याबद्दलचा फोन मला नको यायला, प्रज्ञा. मागचा एक्सल रस्त्यात जाम झाला तर? मी एका भंगारवाल्याशी बोललोय. सोमवारी येईल. क्राऊन असेल तर देऊन टाक. बेअरिंग असेल तर बसव आणि चालव, मी आड येणार नाही. पण अंदाजाने नको. मला नक्की सांग."

तुझ्या मेकॅनिकचंच वाक्य. नक्की सांग.

म्हणजे बघ कसं झालंय. मी खरी ठरले तर गाडी भंगारात जाणार. तू खरी ठरलीस तर राणीसावरगावची पोरं पुन्हा पळत येणार. जन्मभर मी वाद जिंकायला उभी राहिले. आता पहिल्यांदा मला हरायचं आहे, आणि हरवायला तू नाहीस.

काल एकटीनेच घेऊन गेले. आता मला कळलं की हे काम एकट्याचं नाहीच. चालवणाऱ्याला मागचं ऐकू येत नाही आणि मागे ऐकणाऱ्याला चालवता येत नाही. फोन रेकॉर्डिंगला लावून पोत्यावर ठेवला, नंतर रस्त्याकडेला बाभळीखाली थांबून ऐकला. पत्र्याचा खडखडाट, दाराची कडी, आणि मध्येच माझा आवाज, "आत्या, आता काढते पाय." मी असं म्हणाले होते हे मला माहीतच नव्हतं. ते पुन्हा ऐकलं. त्यात चाक कुठे होतं, क्राऊन कुठे होता, काही कळलं नाही.

तुझ्या शाळेतले एक गुरुजी आपणहून आले. मला बरं वाटलं. मागे बसले आणि गाडी सुरू झाल्यापासून बोलायला लागले. बाई किती शिस्तीच्या होत्या, त्यांनी पहिल्यांदा शाळेत कसं भित्तिपत्रक काढलं, आजकालची पिढी. मी म्हणाले, गुरुजी, ऐका. ते म्हणाले, "ऐकतोय की," आणि पुढे बोलत राहिले. उतरताना म्हणाले, "टायर वाटतायत." माझ्या बरोबरीची पोरं-पोरी आता पुण्यात, संभाजीनगरात, स्पर्धा परीक्षांच्या खोल्यांमध्ये. त्यांना फोन केला तर सगळे हळहळतात. कुणी म्हणालं, आपण सरांच्या नावाने, सॉरी, बाईंच्या नावाने, व्याख्यानमाला सुरू करू. माईकसमोर उभी राहायला मला आज पाच माणसं मिळतील. पोत्यावर गप्प पडून राहायला एकही मिळत नाही.

संध्याकाळी गाडी तुझ्या दाराशी लावते आणि लगेच उतरत नाही. खिडकीशी तुझी जागा मोकळी असते. तिथे तू नाहीस यापेक्षा, मागे तू नाहीस याचं मला जास्त दुःख होतं. समोर रस्ता असतो, हातात स्टीअरिंग असतं, आणि आपल्या पाठीमागे कुणीतरी जमिनीला कान लावून आपल्यासाठी ऐकतंय हे माहीत असतं, तेव्हा माणूस किती निर्धास्त चालवतो. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "बास, आता दुसरा गिअर टाक."

एक मोह सांगते. दीपकदादाला फोन करून 'बेअरिंग' म्हणायला किती वेळ लागतो? तो विश्वास ठेवेल. मेकॅनिक चाक काढेल, नवं बेअरिंग बसवेल, आणि आवाज तसाच राहिला तर कुणाला सांगायचं नाही. तुझ्या बाजूने निकाल लागेल. पण मग मी आणि तुला मायेचा सागर म्हणणारे, आमच्यात फरक काय? आणि एखाद्या दिवशी पेट्यांवर चार पोरं बसलेली असताना तो गोळा आतून फुटला तर? तू चुकली असशील तर चुकलीस. तुझी चूकसुद्धा तुझीच आहे, तिच्यावर मी लबाडीचं कव्हर घालणार नाही. बेअरिंग असेल तर ते खरंच बेअरिंग असलं पाहिजे.

आता, आत्या, तू जरा थांब. मला वाचणाऱ्यांशी बोलायचं आहे.

तुमच्या हातात आहे ते पत्रकच आहे. मी आजवर काढलेल्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी मी तुम्हाला हजारोंच्या संख्येने बोलावलं. या खेपेला मला एकच माणूस हवा आहे. बाई असो, बाप्या असो. गाडीचं काही कळलं पाहिजे अशी अट नाही. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, पालमच्या एस.टी. स्टँडसमोर पिवळी व्हॅन उभी असेल. मागे पोतं अंथरलेलं असेल. त्यावर आडवे व्हा आणि पत्र्याला कान लावा. गंगाखेडच्या रस्त्याला मी वेग घेईन, पाय काढीन, डावीकडे वळवीन, उजवीकडे वळवीन. तोवर बोलू नका. आवाज मधून येतोय की उजवीकडून, आणि माझा पाय निघाल्यावर तो पडतोय की तसाच राहतोय, एवढंच ऐका.

मग उतरा आणि जे ऐकलं ते सांगा. मला काय हवंय ते माझ्या चेहऱ्यावर दिसेल. तिकडे बघू नका.